भाऊ, पेटी मागे पडतेय

माझा तबला पळतो. हे मी आपणहून सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर माझे साडू सांगतील, आणि ते सांगतात तेव्हा साक्षीपुराव्यानिशी सांगतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोर्टात पेशकार होते. उभा जन्म न्यायाधीशाच्या पुढ्यात बसून लोकांना तारखा दिल्या, पण स्वतः एका तारखेला उशिरा गेले नाहीत. मी त्यांना भाऊ म्हणतो. ते मला तबलजी म्हणतात, आणि तो शब्द ते ज्या सुरात उच्चारतात तो सूर कुठल्याही पेटीत सापडायचा नाही.

मी तारखात्यात होतो. तार काय असते हे आता समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगतो: दूरच्या माणसाला कुणी गेल्याची किंवा कुणी झाल्याची बातमी लवकरात लवकर कळवायची तर लोक आमच्याकडे यायचे, आणि आम्ही खटक्यावर बोट आपटून ती इकडून तिकडे पोचवायचो. ज्याचा निरोप मागे पडला तो बढतीतही मागे पडला. मला त्या घाईची सवय लागली ती लागलीच. तबल्यावरही मी सगळा निरोप आधीच पोचवून मोकळा होतो.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात भाऊंच्या घरी तीसेक वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी आमची बैठक असे. बैठक म्हणजे भाऊ पेटीवर, मी तबल्यावर, दत्ताची पाच-सहा भजनं, आणि मग अक्कांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीच्या, हातचा चुरमुऱ्यांचा फोडणीचा सुशीला. भाऊंचा गळा बेताचा, पेटीवरचा हातही बेताचाच. पण लय! लाइट जावेत, पंखा बंद पडावा, शेजारच्या लग्नाच्या मांडवात बँड सुरू व्हावा, भाऊंचा केरवा जागचा हलायचा नाही. त्या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि ती ही. मी पळायला लागलो की त्यांची डावी भुवई वर जायची. मी सावरलो की खाली यायची. तीस वर्षांत त्या भुवईला जेवढा व्यायाम मी दिला तेवढा त्यांनी उरलेल्या अंगाला दिला असता तर पुढचं काही झालंच नसतं.

मागच्या वर्षी भाऊंना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, लहान आहे. जीभ वाचली, पाय वाचले, उजव्या हाताची दोन बोटं तेवढी रुसली. डॉक्टरांनी सांगितलं, बोटं चालती ठेवा, पेटी वाजवता ना, तीच वाजवा. म्हणजे औषध घरातच होतं. पण लेकीने आईवडिलांना आपल्याकडे नेलं, शहराच्या पार पश्चिमेला, जिथे इमारती आभाळात चढतात आणि माणसं रस्त्यावर गाडीत बसून राहतात. चौदावा मजला. पेटी गेली भाऊंच्या बरोबर, तबला राहिला माझ्याकडे नल्लकुंट्यात, आणि गुरुवार कुणाकडेच राहिला नाही.

मी एकदा तबला घेऊन गेलो होतो, नाही असं नाही. मेट्रोच्या तपासणीत डग्गा त्या यंत्रातून पाठवला. पडद्याकडे बघून तिथला माणूस म्हणाला, "अंकल, ये जरा खोल के बताओ."

म्हटलं, "ये खुलता नै."

"फिर अंदर क्या है?"

"कुछ नै है. हवा."

"हवा है तो खोलने में क्या जाता?"

शेवटी त्या रांगेत, माणसं खोळंबलेली असताना, मी फरशीवर बसून एक आवर्तन वाजवून दाखवलं. तेव्हा सोडलं. मागून एक बाई म्हणाल्या, "भोत फास्ट बजाते जी." परत आल्यावर आठ दिवस कंबर धरून बसलो. तेव्हापासून तो प्रयोग बंद.

मग एक दिवस भाचीचा फोन आला. भाऊंची लेक, चाळिशीला आलेली, मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते.

"काका, पप्पा पेटीला हातच नाही लावत. मी मोबाइलवर तबला लावून दिला, तर म्हणतात ह्याला माझी भुवई दिसत नाही."

मला भरून आलं. तीस वर्षांत माझ्या तबल्याची ही पहिली स्तुती.

आधी आम्ही साध्या व्हिडिओ कॉलवर बसून पाहिलं. मी थाप मारली. पलीकडे शांतता. भाऊ म्हणाले, "सुरू करा."

"केलंय."

"ऐकू येत नाही."

"मी वाजवतोय, भाऊ, बघा ना हात!"

"हात दिसतात. दोन माश्या मारताय असं वाटतं."

भाचीने शोध घेतला तेव्हा कळलं की त्या कॉलमध्ये गोंगाट गाळून टाकायची सोय असते. माणसाचा आवाज ठेवायचा, बाकी ठोकाठोकी काढून टाकायची. त्या सोयीने माझा तबला काढून टाकला होता. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढ्याशा यंत्राला कळलं. आम्हाला सांगायची सोय नव्हती."

ती सोय बंद केली, तर दुसरं संकट. माझा ठेका तिकडे पोचेपर्यंत भाऊ पुढे गेलेले, त्यांचे सूर माझ्याकडे येईपर्यंत मी पुढे गेलेलो, मग दोघंही एकमेकांसाठी थांबणार, आणि थांबता थांबता भजनाचा वेग असा उतरत जाणार की शेवटी नुसता श्वास चालू. पंगतीत तीस वर्षं एकमेकांच्या आधी पाट पटकावणारे आम्ही दोघे साडू, कधी नव्हे ते "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत बसलो.

भाची हट्टाची. तिने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठीच केलेला एक प्रोग्राम शोधून काढला आणि मला फोनवर शिकवणी दिली.

"काका, सगळा खेळ मिलिसेकंदांचा आहे. एका सेकंदाचे हजार तुकडे. त्यातले वीस-पंचवीस तुकडे उशीर झाला तर चालतो, कानाला कळत नाही. त्याच्या पुढे गेलं की खलास."

आता आमच्या हैदराबादेत "परसों" म्हणजे परवा असं समजणारा माणूस नवखा धरला जातो. इथे परसों म्हणजे गेल्या सोमवारपासून निजामाच्या राज्यापर्यंत कुठलाही दिवस. प्लंबर "अब्बीच आतूं" म्हणाला की आम्ही आंघोळ करून, जेवून, झोपून उठतो. अशा गावात राहून सेकंदाचे हजार तुकडे करायचे, आणि ते मोजायचे! मी म्हटलं, "हे मला समजेल असं सांग."

"आवाजाला हवेतून एक फूट जायला एक मिलिसेकंद लागतो असं धरा. वीस मिलिसेकंद म्हणजे पप्पा तुमच्यापासून वीस फुटांवर बसलेत."

"म्हणजे मी बरकतपुऱ्याच्या हॉलमध्ये, आणि भाऊ मागच्या मोरीत."

"हौ, तसंच. मोरीतून वाजवता येतं की नाही?"

येतं. भाऊ मोरीत असतानाही मी पळालो तर तिथून ओरडायचे.

मग तिने काय काय लागेल त्याची यादी मोबाइलवर पाठवली. इथे थोडं थांबून भाचीच्या मराठीबद्दल सांगितलं पाहिजे. तिची शाळा इंग्रजी, मैत्रिणी तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी, आणि मराठी खास नातेवाइकांसाठी राखून ठेवलेली. बोलते फाडफाड, पण आपली लिपी वाचायची म्हणजे तिला डोळ्यांचा डॉक्टर अक्षरं दाखवतोय असं होतं. म्हणून ती मराठी निरोप इंग्रजी अक्षरांत लिहिते, आणि ते वाचायला मी शिकलोय असा माझा समज होता. एकदा तिने लिहिलं, "आज घरी या, बी-एच-ए-जे-आय केलंय." बाहेर पाऊस, मी भजी समजून भिजत गेलो. ताटात दोडक्याची भाजी. त्यातून मी काही धडा घेतला का? घेतला असता तर हा लेख कशावर लिहिला असता.

यादीत चार ओळी होत्या. इंटरनेट केबलने जोडा. लॅपटॉपला दुसरं काही लावू नका. माइक मी पाठवते. आणि शेवटची ओळ: हेडफोन टी-ए-आर पाहिजे.

हेडफोन तर पाहिजे. मला हसू आलं. तर पाहिजेच! एवढं काय मला कळत नाही? मी त्याच संध्याकाळी कोठीच्या बाजारात गेलो आणि दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात भारी दाखव. त्याने काळ्या मखमली डबीतून दोन कानांच्या वाट्या काढल्या.

"एकदम नवा माल है साब. तार की झंझटीच नै."

"आवाज जल्दी आता?"

"साब, तार में से आवाज को चल के आना पडता. इसमें उड के आता."

मला ते पटलं. तारखात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला ते पटलं, हे मी पुन्हा एकदा लिहून ठेवतो.

पहिला गुरुवार आला. मी गादीवर, समोर लॅपटॉप, कानांवर त्या मखमली वाट्या. पलीकडून भाऊंनी भाता ओढला आणि पेटी अशी स्वच्छ ऐकू आली की डोळ्यांत पाणी आलं. बोटं थोडी चाचरत होती, पण पेटी तीच, भाऊही तेच. मी केरवा धरला. एक आवर्तन, दोन आवर्तनं. आणि तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं की पेटी मागे आहे.

मी समेवर पोचत होतो, म्हणजे जिथे दोघांनी एकदम पोचायचं त्या पहिल्या मात्रेवर, आणि भाऊ तिथे नंतर येत होते. दर वेळी. जिना चढताना शेवटची पायरी विसरलेल्या माणसासारखे.

मी थोडा वेळ विश्वास ठेवला नाही. मग ठेवला. मग, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तीस वर्षं ज्या वाक्याची मी वाट पाहिली ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"भाऊ, पेटी मागे पडतेय."

पेटी थांबली. "माझी?"

"दुसरी कुणाची आहे का तिथे?"

"मला तर बरोबर वाटतंय."

"वाटतंय ना?" मी म्हटलं. "वाटणारच."

हा "वाटणारच" मी ज्या प्रेमळ, समजूतदार स्वरात उच्चारला तो आठवला की आजही मला स्वतःच्या कानशिलांत दोन लगावाव्याशा वाटतात. त्या वाट्यांसकट.

तो धरून सहा गुरुवार मी गुरू झालो. "भाऊ, माझ्या धा कडे लक्ष द्या." "भाऊ, घाई नको, पण मागेही राहू नका." "भाऊ, मनात मोजा." मी त्यांच्यासाठी थांबलो नाही. थांबायचं कशाला? मागे तर ते होते! दुसऱ्याचं न ऐकता आपला ठेका पुढे रेटायची माझी जुनी खोड, तिला आता शिस्त हे नाव मिळालं. बायको म्हणाली, "तीस वर्षं ते मागे नव्हते, तुम्ही पुढे होतात. आता एकाएकी असं कसं?" म्हटलं, "झटका आलाय त्यांना. तुला लयीतलं काय कळतं?" एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण अंबरपेठच्या बाजारात दत्तमंदिराच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष भेटले, त्यांनी भाऊंची चौकशी केली, आणि मी हातातल्या वांग्यांकडे बघत सुस्कारा टाकून म्हणालो, "भाऊंच्या पेटीचं आता काही खरं नाही. लय गेली."

सहाव्या गुरुवारी दुसऱ्याच भजनात मी टोकलं तेव्हा भाऊंनी भाता मिटला. पडद्यावर ते बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत होते. भुवई खालीच होती. सहा आठवड्यांत ती एकदाही वर गेली नव्हती, हे मला तेव्हा जाणवलं.

"तबलजी," ते म्हणाले, "तुम्ही मागे म्हणता म्हणजे मी मागे असणार. बोट चुकलं असतं तर मी दुरुस्त केलं असतं. पण मला ऐकायला सगळं बरोबर येतं आणि असतं चूक. कानच खोटी साक्ष द्यायला लागला तर माणसाने खटला कशावर चालवायचा?"

मी म्हटलं, "होईल हळूहळू."

"आज पुरे," ते म्हणाले.

दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी, अक्कांचा बायकोला फोन आला. भाऊंनी पेटी देऊन टाकायचं ठरवलं होतं. अंबरपेठच्या मंडळाच्या अध्यक्षांनीच विचारलं म्हणे, वापरात नसेल तर आम्हाला द्या, दत्ताच्या सेवेला लागेल. उद्या रविवारी माणसं येऊन नेणार. दोन दिवस बोटांचा व्यायामही बंद. डॉक्टर रागावले तर भाऊ म्हणाले, कशासाठी चालवायची बोटं, जेवायला चमचा आहे.

बायकोने फोन ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "अध्यक्षांना कुणी सांगितलं, पेटी वापरात नाही म्हणून?"

मी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं.

दुपारी भाचीने मोबाइलवर एक फाइल पाठवली. खाली लिहिलं होतं, आठवण म्हणून, परवाच्या बैठकीचं रेकॉर्डिंग, तिच्या लॅपटॉपवर आपोआप झालं होतं. वाट्या चार्जिंगला लावलेल्या, म्हणून मी मोबाइल जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि तसाच लावला.

भाऊंची पेटी सुरू झाली. माझा केरवा आला. एक आवर्तन, दोन आवर्तनं. सम आली, आणि पेटी आणि तबला त्या समेवर असे एकदम उतरले की एकाच माणसाने दोन हातांनी वाजवावं. पुन्हा सम आली. पुन्हा एकदम. मी कान जवळ नेला. भाऊंची लय जशीच्या तशी होती, बरकतपुऱ्यातली, पंखा बंद पडला तरी न हलणारी. आणि त्या सुरेख, एकजीव चाललेल्या भजनाच्या मधोमध एक माणूस ओरडला, "भाऊ, पेटी मागे पडतेय!"

बायको भांडी पुसत दारात आली होती. "छान जमलंय की दोघांचं," ती म्हणाली. "मध्येच हा कोण बेअक्कल ओरडतोय?"

मी भाचीला फोन लावला. प्रोग्राम बिघडलाय का, विचारलं. तिने शांतपणे एकेक गोष्ट विचारली. केबल? लावलीय. माइक? तूच पाठवलेला. हेडफोन कुठला?

"भारीतला. बिनतारी."

तिने तो शब्द मला पुन्हा म्हणायला लावला.

"काका," ती म्हणाली, "बिनतारी हेडफोन आवाज आधी गोळा करतो, मग बांधतो, मग पाठवतो, मग उघडतो. दोनशे मिलिसेकंद त्यातच जातात. मी लिहिलं होतं ना, हेडफोन तार पाहिजे!"

"तू तर पाहिजे लिहिलंस."

"तार! टी-ए-आर! मी वायर लिहिणार होते, मग म्हटलं काका तारखात्यातले, त्यांना तार शब्द बराबर कळेल."

नोकरीभर ज्या शब्दाचं मीठ खाल्लं तो शब्द समोर आला आणि मी त्याला ओळख दिली नाही. आणि हिशेब तर साधा होता. दोनशे मिलिसेकंद म्हणजे दोनशे फूट. भाऊ हॉलमध्ये पेटी घेऊन बसले होते, आणि मी बरकतपुऱ्याच्या त्या गल्लीच्या तोंडाशी, इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी तबला मांडून, तिथून सहा आठवडे ओरडत होतो की पेटी मागे पडतेय. भाऊ माझ्या ठेक्याबरोबर वाजवत होते. माझा तबला मला समोरच ऐकू येत होता; त्यांचे सूर तेवढे त्या वाट्यांतून उशिरा येत होते.

आता कुठलाही सरळ माणूस तडक फोन करून माफी मागेल. मी आधी अंबरपेठला जाऊन तारेचा हेडफोन आणला. माझा बेत असा होता: भाऊंना म्हणायचं, पेटी जायच्या आधी एकदा बसू. बसल्यावर दुसऱ्या आवर्तनाला आश्चर्याने ओरडायचं, "वा भाऊ! काय सुधारणा!" म्हणजे त्यांची लय परत येईल, पेटी घरात राहील, आणि सहा आठवडे शिकवणाऱ्याचं नावही राहील. एका दगडात तीन पक्षी. बायकोला मी बेत सांगितला नाही. तिने विचारलाही नाही. नुसतं म्हणाली, "काहीतरी कमी लाजिरवाणं करा."

संध्याकाळी भाऊ नाइलाजाने बसले. मी तार लावली. पेटी सुरू झाली, मी ठेका धरला, आणि सम अशी अचूक आली की माझ्याच अंगावर काटा आला. मी ठरल्याप्रमाणे ओरडलो.

"वा भाऊ! आज अगदी बरोबर! काय सुधारणा!"

पेटी थांबली.

"बरोबर?" भाऊ म्हणाले.

"एकदम समेवर."

"तबलजी, मला आज अगदी तसंच ऐकू येतंय जसं परवा येत होतं. तसूभर फरक नाही. परवा तुम्ही मागे म्हणालात, आज बरोबर म्हणता. म्हणजे मी कधी बरोबर आहे हे माझं मला कधीच कळणार नाही. तुम्ही सांगाल तेव्हा कळायचं." ते जरा हसले, आणि ते हसू मला नको होतं. "हाच तर आजार. बरं झालं, शेवटचं नीट झालं. उद्या माणसं येतायत, पेटी पुसून ठेवतो."

तोपर्यंत मला वाटत होतं की मी त्यांची लय हिरावली. लय कुठेच गेली नव्हती. मी त्यांचा कान खोटा पाडला होता, आणि माझ्या शाबासकीने तो आणखी खोटा पडत होता.

"भाऊ," मी म्हटलं, "थांबा. कान बरोबर आहे तुमचा. तेव्हाही बरोबर होता."

"म्हणजे?"

मी सांगितलं. वाट्या, मखमल, उडत येणारा आवाज, टी-ए-आर. भाऊ पेशकार झाले.

"कधीपासून?"

"पहिल्या गुरुवारपासून."

"सहाही गुरुवार?"

"सहाही."

"मी बरोबर होतो?"

"होता."

"आणि तुम्ही?"

"मी इस्त्रीवाल्यापाशी होतो."

हे त्यांना समजायचं कारण नव्हतं, पण त्यांनी खुलासा मागितला नाही. "हे तुम्हाला कळलं कधी?"

"दुपारी."

"मग आत्ता ते 'वा भाऊ' काय होतं?"

मी हेडफोनची तार सारखी केली. पडद्यावर भाऊ एकदम स्तब्ध झाले. मला वाटलं चित्र गोठलं. मी केबल हलवून पाहिली. मग भाऊंच्या मागे पंखा फिरताना दिसला, आणि कळलं की नेटवर्क ठीक आहे.

"अध्यक्षांना पण तुम्हीच?" त्यांनी विचारलं.

"वांगी घेताना," मी म्हणालो.

भाऊंनी कॉल बंद केला.

रात्रभर मला झोप लागली नाही असं माझं म्हणणं. बायको म्हणते मी घोरत होतो. रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला दाराची घंटा वाजली. दारात दोन तगडी माणसं, एकाच्या खांद्यावर जाड दोरी, खाली ऑटो उभी.

"दत्तमंदिर से आए जी, अंबरपेठ," दोरीवाला म्हणाला. "वो तबला-डग्गा लेने का था."

"तबला? पेटी लेने का था ना तुमको?"

"नै जी. पेटी का कैन्सल हो गया. पेशकार साब फोन करके बोले, पेटी चालू है. तबला नल्लकुंटे में बेकार पडा है, वो उठा लेके जाओ. बजाने वाला बी साथ में आता बोला तो नक्को बोलना, बोले."

माझ्या मागे बायको उभी होती. ती इतकी हसली की तिला दाराच्या चौकटीला धरावं लागलं. "द्या की," ती म्हणाली. "दत्ताच्या सेवेला लागेल." मी त्या दोघांना बसवलं, चहा दिला, पोहे दिले, आणि तबला चालू आहे हे सिद्ध करायला, मेट्रोतल्यासारखंच, एक आवर्तन वाजवून दाखवलं. दोरीवाला चहा फुंकत म्हणाला, "बजाते तो अच्छा जी. जल्दी कायकी है?"

ते गेल्यावर मी भाऊंना फोन केला.

"दिलात का?" ते म्हणाले.

"नाही."

"ठीक आहे. गुरुवारी बसा मग. तार लावून." आणि ठेवण्याआधी, "तारबाबू!"

गुरुवारी बसलो. मला माझं कौतुक होतं, कबूल केल्यावर माणूस कसा हलका होतो वगैरे विचार डोक्यात चालू होते. पहिलं भजन निम्म्यावर आलं आणि पडद्यावर भाऊंची डावी भुवई सावकाश वर गेली. वर गेली ती तिथेच थांबली.

"तबलजी, पळताय."

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "नेटवर्क असेल, भाऊ."

भाऊंनी पेटी थांबवली नाही. त्या दोन रुसलेल्या बोटांनी सूर धरून ठेवला आणि वाजवता वाजवता म्हणाले, "मागे पडलात तर नेटवर्क म्हणा. पुढे पळणारं नेटवर्क अजून कुणी काढलेलं नाही."